फिरत्या ढालीवरच्या कोऱ्या पट्ट्या

माननीय क्रीडामंत्री,
गोवा राज्य, यांस

स. न. वि. वि.

गेल्या जूनमध्ये, पाऊस नुकता धरला होता तेव्हा, बार्देशातल्या माझ्या जुन्या शाळेनं मला खेळाचं कपाट आवरायला बोलावलं. नोकरीतून निवृत्त झालेली बाई म्हणजे रिकामीच, असं सगळे धरून चालतात. कॅरमचे फुटके बोर्ड, हवा गेलेले फुटबॉल, उंदरांनी कुरतडलेली व्हॉलीबॉलची जाळी काढली आणि त्यांच्या मागे एक लाकडी ढाल सापडली. मध्ये पितळेचा पत्रा, त्यावर एकमेकींवर तिरप्या टेकलेल्या दोन हॉकी स्टिक. भोवताली अंगठ्याच्या नखाएवढ्या वीस पट्ट्या, त्यांतल्या सातांवर शाळांची नावं आणि वर्षं. शेवटचं वर्ष १९८१. उरलेल्या तेरा कोऱ्या. ओढणीच्या टोकानं घासून पाहिल्या, काही उमटलं असेल तर म्हणून. काहीच नाही.

ही मुलींच्या आंतरशालेय हॉकीची फिरती ढाल. बाद पद्धत, म्हणजे हरलात की संध्याकाळच्या बसनं घरी. स्पर्धा थांबली आणि ढालही शेवटच्या विजेत्यांकडे थांबली. ते शेवटचे विजेते आम्ही. मी लेफ्ट-हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे.

आता खरं सांगते, कारण खोटं सांगितलं तर माझ्याच संघातल्या मुली, म्हणजे आता आज्या, मला सोडणार नाहीत. त्या वर्षी प्रवेशिका आल्या तीन. भाग्यपत्रिका काढली त्यात एका संघाला बाय मिळाला, म्हणजे न खेळताच पुढची फेरी. आमची उपांत्य लढत होती, पण समोरच्या शाळेच्या मुलींना घरून परवानगीच मिळाली नाही आणि आम्हाला पुढे चाल. एकही चेंडू न मारता आम्ही अंतिम फेरीत! तिथे मात्र खेळलो. लाल मातीचं मैदान, चेंडू कुठे उसळेल ते देवालाही ठाऊक नसायचं. शिनपॅड दोघींकडेच, बाकीच्यांच्या मोज्यांत घडी घातलेलं वर्तमानपत्र. शेवटच्या काही मिनिटांत शॉर्ट कॉर्नर, म्हणजे पेनल्टी कॉर्नर, मिळाला, आमच्या सेंटर फॉरवर्डनं तो घेतला आणि धुळीतून चेंडू गोलच्या फळकुटावर आदळल्याचा 'ठक्' असा आवाज आला. १-०. दुसऱ्या दिवशी ज्या वर्तमानपत्राच्या घड्या आमच्या नडग्यांवर होत्या, त्यात आमचा निकाल नव्हता.

घरी आजी म्हणायची, "चलयेच्या हातांत बडी कित्याक?" मुलीच्या हातात काठी कशाला? तिला उत्तर द्यायला आमच्याकडे एकच गोष्ट होती, मॉस्को. १९८०च्या ऑलिंपिकमध्ये महिला हॉकी पहिल्यांदाच आली आणि कर्णधार रूपा सैनीच्या भारतीय संघानं चौथा क्रमांक मिळवला. संघाची यादी पीटीच्या बाईंनी फळ्यावर लिहिली होती. त्यात लॉरेन फर्नांडिस होती, सेल्मा डिसिल्वा होती. त्या मुंबईच्या की कुठल्या याच्याशी आम्हाला कर्तव्य नव्हतं. आडनावं आमच्या वर्गातली होती, एवढं पुरे झालं. दोन वर्षांनी एलिझा नेल्सनच्या नेतृत्वाखाली दिल्लीच्या एशियाडमध्ये सुवर्णपदक आलं, पण तोपर्यंत आमची स्पर्धा बंद पडलेली.

का बंद पडली? कुणी ठरवून पाडली नाही. मुली दहावी झाल्या, पीटीच्या बाईंची बदली झाली, ढाल परत मागायला कुणी आलं नाही.

महोदय, ढाल सापडल्यावर मी पणजीला, पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात गेले. १८३२ साली स्थापन झालेलं आपलं हे ग्रंथालय, म्हटलं तिथे सापडेल. जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधलेल्या फायली चार दिवस चाळल्या. फुटबॉल पानोपानी, आणि ते साहजिकच आहे. २०१२मध्ये सरकारनं फुटबॉलला राज्य खेळ जाहीर केलं, पण गावानं ते फार आधीच ठरवलं होतं. पुरुषांच्या हॉकीतल्या गोवेकरांचाही माग लागतो. १९४८च्या लंडन ऑलिंपिकचा गोलरक्षक लिओ पिंटो, केनियाकडून ऑलिंपिक खेळलेले हिलरी फर्नांडिस, आलू मेंडोंसा, ही नावं आजही जुनी माणसं सांगतात. आमच्या मुलींबद्दल मी चाळलेल्या फायलींत एक ओळ सापडली. 'मुलींच्या हॉकीत यजमान विजयी.' यजमान कोण, ते बातमीदारानंच जाणावं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा स्पर्धेचं काय घेऊन बसलात. म्हणून एक दूरची गोष्ट सांगते. २०१८चा महिला हॉकी विश्वचषक, लंडन. उपांत्यपूर्व फेरीत आपल्यासमोर आयर्लंड. ०-० बरोबरी, मग शूटआउट, आणि आपण ३-१ असे हरलो. त्या रात्री मला झोप आली नाही. क्रमवारीत सोळाव्या, बहुतेक जणी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळणाऱ्या आयर्लंडच्या या मुली थेट अंतिम फेरीत गेल्या कशा? म्हणून रागानंच वाचत बसले. कर्णधार केटी मलन कोलरेनची, गोलरक्षक आयेशा मॅकफेरन लार्नची. दोन्ही गावं अल्स्टर प्रांतातली. आणि त्या प्रांतात महिला क्लबांची बाद पद्धतीची स्वतःची स्पर्धा आहे, अल्स्टर शील्ड. म्हणजे ढालच की! बेलफास्टचा पेगासस क्लब तिथला दादा.

आयर्लंडच्या महिलांनी आपली हॉकी संघटना १८९४मध्ये काढली, आणि १८९६मध्ये डब्लिनला इंग्लंडच्या महिलांना २-० हरवलं. तो स्कोअर मला इथे म्हापशात बसून सांगता येतो, कारण कुणीतरी तो लिहून ठेवला. पुढे बेटाचे राजकीय दोन तुकडे झाले, तरी हॉकीचा आयर्लंड एकच राहिला. तिथल्या कुठल्याही लहान गावातल्या मुलीला सांगता येतं की माझी आई अमुक साली अमुक फेरीत हरली. माझ्या मुलीला ते सांगता येत नाही. तिला वाटतं मी थापा मारते.

हॉकीपटू घडवणाऱ्या ओडिशातल्या सुंदरगड, झारखंडमधल्या सिमडेगा यांची उदाहरणं मी देणार नाही. ती प्रत्येक भाषणात असतात आणि ऐकून आपण टाळ्या वाजवून घरी जातो. आपल्याकडे म्हापशात पेडे इथलं हॉकीचं मैदान आहे. २०२३च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत हॉकी तिथेच झाली. मी डबा घेऊन बघायला गेले होते. टर्फवर पाणी मारल्यावर चेंडू कसा सरळ सुळकन जातो, ते पाहून पोटात कालवलं. आमच्या मातीत असा एक पास जरी गेला असता! पाहुणे आले, खेळले, गेले. मग घरच्यांचं काय?

माझं मागणं दोन कामांचं आहे आणि दुसरं पहिल्याशिवाय करू नका. पहिलं हे की बारा तालुक्यांतल्या शाळांना एक परिपत्रक पाठवा. मुलींच्या हॉकीची जी काही ढाल, चषक, प्रमाणपत्र, फोटो कपाटात असेल त्याचं मोबाइलवर चित्र काढून पाठवा, म्हणावं. पट्ट्यांवर फक्त शाळेचं नाव असतं, म्हणून त्या वेळच्या मुलींची नावं विचारून घ्या. आमच्यातल्या दोघी गेल्या, उरलेल्यांच्या आठवणी अजून धड आहेत. पैसे फारसे लागणार नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

दुसरं, ती स्पर्धा पुन्हा सुरू करा. बाद पद्धतच ठेवा, तिच्यात मजा आहे, पण पहिल्या फेरीत हरणाऱ्या संघांची वेगळी फेरी लावा. आठ संघ उतरले तर बाद पद्धतीत सामने होतात सात, आणि चार संघ एकच सामना खेळून घरी जातात. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणहून पहाटे उठून म्हापशाला आलेल्या मुलीनं तासाभरात परत बसमध्ये बसायचं, हे मला पटत नाही. आणि घरच्यांच्या परवानगीची पत्रं शाळांनी स्पर्धेच्या महिनाभर आधी भरून घ्यावीत. पुढे चाल मिळून जिंकलेली ढाल फारशी गोड लागत नाही, हे अनुभवाचे बोल.

तेरा पट्ट्या कोऱ्या आहेत, नवीन ढाल घ्यायची गरज नाही. बघायला येणार असाल तर आधी कळवा. कपाटाची चावी शिपायाकडे असते आणि शुक्रवारी तो बाजाराला जातो, तेव्हा शुक्रवार सोडून कधीही या.

आपली नम्र,
एक माजी लेफ्ट-हाफ
म्हापसा, बार्देश