कुंपण छाटायच्या आधी पानं उलटून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्टमधे एका सकाळी आमच्या सोसायटीतलं मेंदीचं कुंपण आणि त्याला लागून असलेली कर्दळ साफ झाली, मशिनने, अर्ध्या तासात. त्या कर्दळीत शिंपी पक्ष्याचं घरटं होतं, आत तीन पिल्लं, आदल्याच दिवशी लांबून बघितली होती मी. संध्याकाळी घरी आलो तोवर सगळं कचऱ्याच्या गाडीतून गेलेलं आणि ती जोडी मोकळ्या झालेल्या जागेवर टुविट टुविट टुविट करत अंधार पडेपर्यंत फिरत होती. माळीकाकांना मी दोष देत नाही, त्यांना सांगितलेलं काम त्यांनी केलं, पण काम सांगणाऱ्यांना तिथे काय आहे हे माहीतच नव्हतं याचं फार वाईट वाटतं.

शिंपी म्हणजे आठ-नऊ ग्रॅमचा जीव हो. पानाच्या कडांना चोचीने भोकं पाडतो, त्यातून कापूस नाहीतर कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओढतो, गाठबिठ काही नाही, धाग्याचं टोक बाहेर फुगतं आणि तिथेच अडकून बसतं. अशी पानं शिवून पिशवी करायची आणि त्यात अंडी. अंडी उबवायला साधारण बारा दिवस, मग पिल्लं उडायला अजून दोन आठवडे, म्हणजे आपण एखादा महिना थांबलो तरी पुरतं. राखी वटवट्या या छोट्या पक्ष्याचंही तेच, तोही पावसाळ्यात अशाच बुटक्या झुडपात घरटं करतो.

झाड तोडायचं तर महापालिकेची परवानगी लागते, नोटीस लागते, लोक भांडतात. झुडपांसाठी कोणीच भांडत नाही. खरंतर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मधे शिकारीची जी व्याख्या आहे त्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं, घरट्यांना त्रास देणं हेसुद्धा येतं, पण हे किती सोसायट्यांच्या कमिटीला माहितीये?

आणि पावसाळा संपला की सुटलो असंही नाही. सप्टेंबरपासून पाहुणे पक्षी येतात. हिरवट पर्णवटवट्या हिमालयातून, सैबेरियाकडून येतो, वजन जेमतेम दहा रुपयाच्या नाण्याएवढं, आणि तो निदान उंच झाडांवर तरी राहतो. पण ब्लिथचा बोरू वटवट्या पार फिनलंड, रशिया, मध्य आशियातून येतो आणि एप्रिलपर्यंत आपल्या कुंपणात खाली चक् चक् करत किडे टिपत बसतो, दिसत नाही पटकन, आवाजावरूनच कळतो. पक्षीतज्ज्ञ एडवर्ड ब्लिथने 1849 मधे त्याला शास्त्रीय नाव दिलं त्यात डुमेटोरम हा शब्द आहे, म्हणजे झुडपांमधला. आणि आपण नेमकं दिवाळीच्या साफसफाईत तीच झुडपं गुडघ्याएवढी करून टाकतो, त्यानंतर 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा करतो.

माझी विनंती एवढीच आहे की जून ते सप्टेंबर कुंपणाला मशीन लावू नका, अगदी लावायचंच असेल तर आधी पानं हाताने बाजूला करून बघा, घरटं दिसलं तर तेवढा भाग सोडा. आणि एक कोपरा, अडुळसा कर्दळ जास्वंद जे असेल ते, वर्षभर तसाच वाढू द्या. माळीकाम काँट्रॅक्टवर असेल तर हे काँट्रॅक्टमधेच लिहा. आमच्या कमिटीकडे मी असं पत्र दिलंय, पुढच्या मीटिंगला विषय घेतो म्हणालेत. कर्दळीला परत पानं फुटलीत, ती जोडी मात्र अजून तिथे आलेली नाही.

आपला,
एक वाचक, पुणे