उलटे बगळे

प्रिय सुमे,

पाच महिने उत्तर नाही, तेव्हा आधी शिव्या घालून घे. नव्या घरात लागलात का? लेकाचे पेपर कसे गेले, कळव. माझा गुडघा आहे तसाच आहे. आता खरं काय ते सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "बरं, मग?" म्हणेल.

ते निळं कापड मी कापलं.

हो, तेच. बगळ्यांचं. ज्याच्यापायी आपण दोन महिने एकमेकींशी बोललो नाही. "घे तूच, पण तुझ्या हातून त्याचं काही व्हायचं नाही, कपाटात कुजेल," म्हणाली होतीस. नऊ वर्षं कपाटातच होतं. कुजलं नाही, एवढं लक्षात ठेव.

जपानी नॉट बॅग करायला घेतली. किमोनोवर मनगटात अडकवतात ती. एक बंद लांब, एक आखूड. आखूडमधून लांब ओवला की तोंड आपलं आपण मिटतं. चेन नाही, बटण नाही, म्हणजे काजही नाही. (माझी काजं आठवू नकोस.) आत पूर्ण अस्तर, त्यामुळे उलटी करूनही वापरता येते.

आधी जुन्या अभ्र्यावर हात साफ केला. दोन्ही तुकडे कागदी नमुना तसाच ठेवून कापले आणि जोडायला गेले तर लांब बंदासमोर आखूड! दुसऱ्या तुकड्याला नमुना पालथा घालायचा असतो, हे शिवणाच्या परीक्षेत तुझ्यापेक्षा ४ गुण जास्त मिळवलेल्या बाईला सुचलं नाही. म्हणून बगळ्यांच्या वेळी जास्तीचं शहाणपण केलं. नमुन्याचा तळ कापडाच्या घडीवर ठेवला आणि अख्खं एकसंध कापलं. बंद आपोआप जुळले, तळाची शिवणही वाचली. मी खूश! शिवणीला १ सें.मी. सोडून बाजू शिवल्या, अस्तराच्या तळाला हात जाईल एवढी फट ठेवली, सुलटीवर सुलट ठेवून गळा आणि काखा, म्हणजे बंदांच्या आतली-बाहेरची गोलाई, शिवल्या. तिला कट दिले. तू कधी देत नाहीस, म्हणून तुझे गळे चुण्या पडून बसतात. हे मी तेव्हाही म्हणत होते. मग त्या फटीतून सगळं ओढून बाहेर काढलं, बंदांची टोकं हाताने जोडली, इस्त्री फिरवली, कडेने टीप मारली.

बॅग फिरवून बघते तो मागचे सगळे बगळे डोकं खाली, पाय वर.

घडीवर कापलं की अर्धी छपाई उलटीच येणार गं! साधी गोष्ट. आणि आता उसवून तरी काय करू? तळाला कापून तो भाग फिरवला तर बंद खाली जातात. उरल्यात नुसत्या चिंध्या. रात्री दोनदा उठून बघितली. जणू तोवर सरळ होणार होते.

अस्तराची करडी बाजू बाहेर ठेवली तर कुणाला कळणारही नाही. पण ती शिवली होती तुझ्यासाठी, आणि तू पहिल्यांदा आतच डोकावणार, मला माहीत नाही का?

कापड निम्मं तुझं होतंच. कुठलं निम्मं, ते तू ठरव. उद्या पाठवते. धुताना पिळू नकोस, बंदांची टोकं हातटाक्याची आहेत.

तुझी,
नंदा