पुढचा ब्रेक कसा मारायचा, हे पोरांना कुणीतरी शिकवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी औसा तालुक्यातल्या एका गावचा, वय २२, क्लाससाठी रोज लातूरला येणं जाणं असतं. पप्पांची २०१२ ची शंभर सीसीची गाडी यंदा माझ्याकडं आली आणि लायसन हातात पडून सव्वा महिना झाला नाही तर मी पहिल्यांदा पडलो. पट्टी बांधून घ्यायला गेलो तर तिथं माझ्याच वयाची अजून दोन पोरं तशीच सोललेली बसलेली, तवाच ठरवलं की हे लिहायचं.

दसऱ्यानंतरचे दिवस, सोयाबीनची रास निघायलेली. आमच्याकडं निम्म्या रस्त्यावर सोयाबीन वाळत असतंय, कडेनं दगडं लावलेली. शेतकऱ्याला तरी काय बोलायचं, ओलावा १२ टक्क्याच्या वर दिसला की अडतीवर भाव पाडतेत आणि खळं आता कुणाकडं राहिलंय, आम्ही पण घरचं तिथंच वाळवतो. त्या दिवशी वळणावर मळणीची गुळी म्हणजे भुसकट पसरलेलं होतं, माझा स्पीड ५० च्या आसपास आणि समोरून ट्रॅक्टर आला. मी नुसता त्या ट्रॅक्टरकडं बघत राहिलो आणि पुढचा ब्रेक करकचून दाबला. हँडल वळलेलंच होतं, चाक जाम झालं, गाडी डाव्या अंगावर आडवी झाली आणि पडलो हे कळायच्या आधी मी घसरत चाललो होतो.

हेल्मेट मी रोज टाकीवर ठेवून न्यायचो. त्या दिवशी मम्मीनं दारात अडवून घालायला लावलं, पट्टा सुद्धा तिनंच लावला. आता त्याच्यावर डाव्या बाजूला तीन ओरखडे आहेत आणि सगळ्यात खोल ओरखडा बरोबर हनुवटीपाशी आहे, म्हणजे अर्धं टोपीसारखं हेल्मेट असतं तर तिथं माझा जबडाच होता. हाताला मात्र काहीच नव्हतं. डाव्या तळव्याची साल गेली, आत बारीक खडी आणि सोयाबीनची टरफलं रुतलेली, सिस्टरनं चिमट्यानं एकेक खडा काढला, तेवढा वेळ मी भिंतीकडं बघत बसलो. हातमोजे घालून गाडी चालवणाऱ्याला आम्ही गावात हसायचो, आता मी घालतो.

खरं सांगायचं ते पुढंच आहे. मला गाडी शिकवताना सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, पुढच्या ब्रेकला हात लावू नको, तोंडावर पडशील. म्हणून मी कधी लावलाच नाही, सगळं काम मागच्या ब्रेकवर. आणि जीव घाबरला तेव्हा हात आपोआप आवळला गेला, जे कधी केलंच नाही ते पहिल्यांदा त्या वळणावर गुळीवर केलं. लायसनच्या टेस्टला आठचा आकडा काढायला लावला, पाय टेकला नाही म्हणून पास. अर्जंट थांबून दाखव असं कुणी म्हणलंच नाही.

शेजारचे रिटायर एसटी ड्रायव्हर काका आहेत, त्यांनी नंतर मला शाळेच्या मैदानावर नेलं. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवायची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये हे त्यांनी समजावून सांगितलं, पण भार यायच्या आधीच झटका दिला तर चाक लॉक होतंय. लिंबू पिळतो तसं हळूहळू दाबत जायचं, गाडी सरळ ठेवून, मागचा सोबत, आणि खाली गुळी, वाळू, खडी दिसली की स्पीड वळणाच्या आधीच कमी करायचा. आणि नजर जिकडं जायचंय तिकडं ठेवायची, समोरच्या ट्रॅक्टरवर नाही. पहिल्यांदा २० च्या स्पीडनं, मग ३०. चार संध्याकाळी लागल्या फक्त. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना १२५ सीसीपर्यंत सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो ते) आणि त्याच्या वर एबीएस (चाक जाम होऊ देत नाही ते) सक्तीचं झालं, पण खेड्यात पोरगं शिकतंय ते बापाच्या जुन्या गाडीवर, तिला यातलं काहीच नाही.

माझी कळकळीची विनंती आहे की लायसनच्या टेस्टमध्ये ब्रेक मारून थांबायची परीक्षा घ्या, आणि तोपर्यंत गावागावात ज्यांना येतंय त्यांनी पोरांना मैदानावर न्या. पडलेलं हेल्मेट पण परत वापरू नका, वरून चांगलं दिसलं तरी आतला थर्माकोल एकदा दबला की पुन्हा तेवढा मार झेलत नाही. मी नवीन घेतलं, आयएसआयवालं, पूर्ण तोंड झाकणारं.

ज्यांची गुळी होती ते मामा दुसऱ्या दिवशी घरी येऊन गेले, लय वाईट वाटलं त्यांना. सोयाबीन उचललं तरी दगडं अजून वळणावर तशीच पडलेली आहेत आणि रात्री ती दिसत नाहीत. रविवारी आम्ही सगळे मिळून ती उचलणार आहोत, मामा पण खोरं घेऊन येतो म्हणलेत.

आपला,
एक वाचक, ता. औसा, जि. लातूर