ॲप राहू द्या, आधी कोशांच्या फायली द्या

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शासकीय कोश मजकूर-स्वरूपात खुले करण्याबाबत

महोदय,

भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संकेतस्थळावर शोधता येतात, विश्वकोशाच्या नोंदी वाचता येतात, साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके फुकट उतरवून घेता येतात. वाचकाची ही मोठी सोय आहे. पण शुद्धलेखन तपासनीस, शब्दकोडे, यमकांची यादी, शाळेसाठी छोटा कोश, यांपैकी काहीही करायला बसलेल्या माणसाला एकेक शब्द शोधण्याची खिडकी पुरत नाही. त्याला अख्खी यादी हातात हवी असते. म्हणून पुढचे ॲप काढण्याआधी कोशांच्या फायली द्याव्यात, ही विनंती.

फाइल म्हणजे पीडीएफ नव्हे. जुन्या पीडीएफ बहुधा श्री-लिपी, कृतिदेव अशा, युनिकोड ही अक्षरे साठवण्याची सर्वमान्य पद्धत रुळण्यापूर्वीच्या, फॉन्टांत जुळवलेल्या असतात. पडद्यावर मराठी दिसते, मजकूर उचलून चिकटवला की रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो. रूपांतरक वापरला तरी दोन जागा हमखास चुकतात. या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर हवी. रफाराचे नेमके उलटे. त्यामुळे ‘किर्ती’सारख्या दिसणाऱ्या शब्दात चूक मुळातली की रूपांतराची, हे डोळ्यांना कळत नाही. छापखान्याकडची मूळ जुळणीची फाइल मिळाली तर तीवरूनच रूपांतर करावे, आणि वेलांटी व रफार असलेले सगळे शब्द वेगळे काढून तपासावेत.

मूळ फाइल हरवली असेल तर स्कॅन. किमान ३०० डीपीआय (इंचाला तितके ठिपके), बारीक टाइप असेल तर ४०० ते ६००, आणि करड्या छटांत. निव्वळ काळे-पांढरे केले की अनुस्वार धुळीबरोबर पुसला जातो. अक्षर-ओळख करणारी प्रणाली घ-ध, भ-म, ब-व यांत गफलत करते. कोशात शेजारच्या शब्दाचा आधार नसतो, म्हणून तिथे ही गफलत वाक्यातल्यापेक्षा महाग पडते. खात्रीचा उपाय जुनाच आहे : दोघांनी स्वतंत्रपणे टंकायचे, दोन्ही प्रती संगणकाने ताडायच्या आणि फरक असेल तिथेच तिसऱ्याने मूळ पान उघडायचे.

युनिकोडमध्ये आल्यावरही काम संपत नाही. ‘दऱ्या’ दोन प्रकारे साठवता येतो : ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. ‘ॲ’ हे एक चिन्ह असू शकते किंवा अ वर चंद्र दिलेली जोडी. बहुतेक फॉन्टांत दोन्ही सारखे दिसतात, शोधताना मात्र एक टंकले तर दुसरे सापडत नाही. एकाच अक्षराची वेगळी साठवण एकरूप करणारे युनिकोडचे ठरावीक सामान्यीकरणही या जोड्या एक करत नाही. एकच रूप ठरवून लेखी जाहीर करावे. अनुक्रमाचेही तसेच. संगणक चिन्हांच्या क्रमाने लावू लागला की ळ हा ल च्या मागोमाग येतो, मराठी वर्णमालेत तो ह च्या पुढे असतो.

सर्वांत कळीचा मुद्दा सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे जे रूप बदलते त्याचा. वाचक ‘विहिरीत’ टंकतो, कोशात ‘विहीर’ असते, आणि उत्तर येते : शब्द सापडला नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा बदल नियमात बसवता येतो, मूल-मुलाला, फूल-फुलाचा. पण वीट-विटेला आणि भिंत-भिंतीला यांतला फरक शब्दाच्या शेवटावरून ठरत नाही, तो अनेकवचन पाहिल्यावर कळतो : विटा, भिंती. म्हणून प्रत्येक नामापुढे लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूप हे तीन रकाने हवेतच. ते भरायला व्याकरण जाणणारी माणसे लागतील, आणि खर्च करायचाच तर तो इथे करावा. हे रकाने नसतील तर शुद्धलेखन तपासनीस ‘घराजवळच्यांनाही’ या शब्दाखाली लाल रेघ ओढत राहणार.

१९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे कोश घेतले, तर एक रकाना आणखी. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात क्रियापदे ‘पाहणें’ अशी सानुस्वार आहेत. मूळ रूप जसेच्या तसे ठेवावे, शेजारी आजचे रूप द्यावे, आणि मूळ खंड व पृष्ठ क्रमांकही. जुने रूप ‘दुरुस्त’ करून टाकण्याचा मोह कुणाला तरी होतोच, तो आवरावा.

राहिला परवाना. शासकीय प्रकाशनांचा स्वामित्वहक्क सामान्यतः शासनाकडे असतो, त्यामुळे असे कोश खुले करणे आपल्याच हातात आहे. केंद्राचा खुल्या विदेचा (डेटाचा) परवाना २०१७ पासून आहे. त्या धर्तीवर, श्रेय देऊन व्यावसायिक वापरालाही मुभा द्यावी. ‘केवळ शैक्षणिक वापरासाठी’ अशी ओळ घातली की फॉन्ट आणि कळफलक बनवणारे लांबच राहतात.

सुरुवात साहित्य समीक्षा किंवा ग्रंथालयशास्त्र परिभाषा कोशापासून करता येईल. एक युनिकोड तक्ता, रकान्यांचा खुलासा करणारे एक पान, चुका कळवायला एक पत्ता, आणि दर दुरुस्तीनंतर फाइलीवर नवा दिनांक. जुनी आवृत्ती मात्र काढून टाकू नये, तिच्यावर कुणाचे तरी काम उभे असते.

आपले,
कोश वापरणारे काही मुद्रितशोधक, अनुवादक आणि संगणककार