डिफ्रॅग परत सुरू व्हायचं ते माझ्यामुळं

प्रिय पक्या,

अबे, फोनवर सांगितलं तर तू मधेच हसून विषय बदलवशील, म्हणून लिहूनच पाठवून राहिलो. परवा पुतण्या लॅपटॉप घेऊन आला, म्हणे काका स्लो झाला, मी सवयीनं म्हटलं डिफ्रॅग मार, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे सलग लावून घे, तर पोट्टा माझ्याकडं पाहतच राहिला. एसएसडी होती त्यात, चिपवाली डिस्क. म्हणजे फिरणारी तबकडी नाही, वाचणारं हेड नाही, फाइलचे तुकडे कुठंही पडलेले असोत काही फरक पडत नाही, वरून फुकटचं रायटिंग होऊन डिस्क झिजते ते वेगळंच. पोट्टा बरोबर होता.

मग रात्री झोपच नाही. तुझी महालातली वरची खोली आठवली, 1999 चा मे, विंडोज 98, 4.3 जीबीची डिस्क. कूलर सुरू केला की व्होल्टेज पडून पीसी रीस्टार्ट व्हायचा, म्हणून डिफ्रॅग लावलं की कूलर बंद, नागपूरच्या मे महिन्यात! काकू खालून ओरडायच्या, मरता का रे उकडून. अन् आपण दोघं बनियनवर, शो डिटेल्स दाबून ते बारके चौकोन पाहत बसलेलो, हिरवा म्हणजे वाचून राहिला, लाल म्हणजे लिहून राहिला.

तुझ्या दादाच्या जुन्या 486 पीसीवर डॉस 6 चं डिफ्रॅग होतं ना, ते 1993 मध्ये मायक्रोसॉफ्टनं सिमँटेककडून लायसन्सवर घेतलेलं, म्हणून ते सिमँटेकच्याच नॉर्टनच्या स्पीड डिस्क प्रोग्रॅमसारखं दिसायचं. मला हे खूप नंतर कळलं. तेव्हा दादा सांगायचा तेच खरं. गेम टाकला, उडवला, की मधे मधे खड्डे पडतात, पुढची मोठी फाइल त्या खड्ड्यांत तुकडे तुकडे करून बसते, मग ती वाचायला हेडला इकडून तिकडं उड्या माराव्या लागतात. एका उडीला दहा-एक मिलिसेकंद, पण तुकडे शेकड्यानं असले की ते जाणवतं. हे तुला पटलेलं, म्हणून तू दर शनिवारी लावायचास. खरं सांगू, नंतर पीसी पळतो असं तू म्हणायचास, मला कधी दिसला नाही, मी आपली मान हलवायचो.

आता खरी गोष्ट. ते "ड्राइव्हज कंटेंट्स चेंज्ड, रीस्टार्टिंग" यायचं अन् टक्केवारी परत शून्यावर, तू कधी स्क्रीनसेव्हरला शिव्या घालायचास, कधी अँटिव्हायरसला. अर्ध्या वेळी ते खरंही असेल. पण तू खाली पाणी आणायला गेलास की मी नोटपॅड उघडून रिकामी फाइल सेव्ह करायचो. डिस्कवर कुणी काही लिहिलं की बिचारं पहिल्यापासून सुरू! एकदा दहादा झालं अन् त्यानं स्वतःच सांगितलं, दुसरा प्रोग्रॅम डिस्कवर लिहून राहिला, तर तू म्हणालास, यात भूत आहे बे.

घरी तेव्हा काय चालू होतं तुला माहीत आहे. डिफ्रॅग संपलं की मला सायकल काढून जावं लागायचं. चालू असलं तर काकूच म्हणायच्या, आता जेवूनच जा.

तो जुना सीपीयू माळ्यावर असला तर भंगारात देऊ नको. दिवाळीत पुण्याहून आलास की सुरू होतो का पाहू. कूलर लावूनच बसू.

तुझा,
बंड्या