तिसरा दिवस कुठून मोजायचा

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या संडेस्कूलमधल्या त्या पोराचा हिशेब बरोबर आहे. शुक्रवारी दुपारी प्रभू येशूने प्राण सोडला, अंधार पडायच्या आत त्याला कबरेत ठेवलं आणि रविवारी पहाटे बायका गेल्या तेव्हा कबर रिकामी होती. आपल्या घड्याळाने हे जेमतेम छत्तीस तास भरतात. मग 'तिसऱ्या दिवशी' कसं? तो विश्वासाचा भाग आहे असं सांगून तू त्याला खाली बसवलंस म्हणालीस. असं नको करूस गं. पोरगं शंका घेत नव्हतं, बेरीज करत होतं. फोनवर सगळं सांगून होईना, म्हणून हे पत्र.

त्या काळच्या यहूदी लोकांत दिवसाचा तुकडासुद्धा अख्खा दिवस धरत. शुक्रवारचा सूर्यास्तापूर्वीचा थोडा वेळ हा एक, शनिवार दुसरा, आणि शनिवारी सूर्य बुडाला की तिसरा सुरू. ही काही पुनरुत्थानापुरती काढलेली पळवाट नाही. बायबलात १ राजे, अध्याय १२ काढून बघ. गाऱ्हाणं घेऊन आलेल्या लोकांना रहबाम राजा सांगतो, तीन दिवसांनी या. लोक येतात तिसऱ्या दिवशी, आणि 'राजाने सांगितल्याप्रमाणे' आले असंच तिथे लिहिलंय. एक दिवस आधी का आलात असं कुणी विचारत नाही. एस्तेर राणी तर तीन दिवस, रात्रंदिवस, उपास करायला सांगते आणि तिसऱ्या दिवशी राजापुढे जाऊन उभी राहते. मत्तयाच्या शुभवर्तमानात माशाच्या पोटात राहिलेल्या योनाच्या निमित्ताने तीन दिवस आणि तीन रात्री येतात, त्याही याच मापाने वाचायच्या. आधी रहबामाची गोष्ट सांग, पोरांना राजाच्या गोष्टी आवडतात.

यात दुसरी गोष्ट गुंतलेली आहे. त्यांचा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रत्येक दिवसाच्या शेवटी आधी संध्याकाळ येते, मग सकाळ. प्रायश्चित्ताच्या दिवसाबद्दल लेवीयमध्ये तर स्वच्छ हुकूम आहे, संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत पाळा. हे नुसतं शास्त्रात नव्हतं, बाजारात होतं. नहेम्याचा तेरावा अध्याय वाच. सोर बंदराचे व्यापारी यरुशलेमेत मासळी आणून शब्बाथ दिवशी, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, विकत. शहराचा कारभारी नहेम्या भडकला. शब्बाथाच्या आदल्या दिवशी वेशींवर सावल्या लांबायला लागल्या की दरवाजे लावा, आणि शब्बाथ उलटेपर्यंत उघडू नका, असा त्याने हुकूम काढला, वर आपली माणसं पहाऱ्याला बसवली. व्यापारी एकदोनदा तटाबाहेर मुक्काम ठोकून बसले. नहेम्याने जाऊन दम भरला: परत दिसलात तर हात टाकीन! त्यानंतर आले नाहीत. मला हा माणूस फार आवडतो. तुझे पप्पा म्हणतात, माझ्यासारखाच आहे म्हणून.

आता नेमका कुठल्या क्षणी शब्बाथ लागला, हे अख्ख्या शहराला कळायचं कसं? योसेफस नावाचा यहूदी इतिहासकार पहिल्या शतकात लिहितो की यरुशलेमेतल्या मंदिराच्या एका उंच जागेवर याजक उभा राहून तुतारी फुंकायचा, संध्याकाळी शब्बाथ लागताना आणि दुसऱ्या संध्याकाळी सुटताना. १९६८ मध्ये बेन्यामिन मझार यांना मंदिराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याखाली उत्खननात एक कोरीव दगड सापडला. इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने मंदिर पाडलं तेव्हा तो वरून खालच्या रस्त्यावर कोसळलेला. त्यावर इब्रीत, म्हणजे हिब्रूत, अक्षरं आहेत, 'तुतारी फुंकण्याच्या जागेकडे', आणि पुढचा शब्द दगडाबरोबर तुटून गेलाय. म्हणजे तो माणूस कुठे उभा राहायचा ती जागासुद्धा ठरलेली होती. आपल्याकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहूदी, लोकांनी हा शब्बाथ कोकणात कित्येक पिढ्या सांभाळला. अलिबागकडच्या गावांतून ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत.

तासांचं बघ. जुन्या कराराच्या सुरुवातीला तास नाहीतच. अब्राहाम भर उन्हाच्या वेळी तंबूच्या दाराशी बसलेला असतो. त्याचा चाकर इसहाकासाठी मुलगी शोधायला जातो, तेव्हा तो 'बायका पाणी भरायला बाहेर पडतात त्या वेळी' विहिरीशी पोहोचतो. वेळ सांगून झाली, आणि मुलगी तिथे का भेटली तेही. पुढे हिज्कीया राजाच्या काळी त्याच्या बापाने, आहाजाने, बांधलेल्या पायऱ्यांवरून सावली मोजलेली दिसते, ती दहा पायऱ्या मागे गेल्याची खूण यशया संदेष्ट्याने त्याला दिली.

नव्या करारापर्यंत दिवसाचे बारा तास झालेत. प्रभू स्वतःच योहानात विचारतो, दिवसाचे बारा तास आहेत ना? पण हे तास आपले नव्हेत. उजाडल्यापासून मावळेपर्यंतच्या वेळेचे बारा भाग, मग दिवस लहान असो की मोठा. यरुशलेमेत जूनमध्ये असा एक तास आपल्या सुमारे सत्तर मिनिटांचा व्हायचा आणि डिसेंबरात पन्नासचा. तिसरा तास म्हणजे आपले साधारण नऊ, सहावा म्हणजे डोक्यावरचा सूर्य, नववा म्हणजे तीन. पेन्टेकॉस्टच्या दिवशी लोक शिष्यांना प्यायलेले म्हणतात तेव्हा पेत्राचं उत्तर काय? अहो, आत्ता तर तिसरा तास आहे. एवढ्या सकाळी कोण पिणार! आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यातले अकराव्या तासाचे मजूर: सूर्य कलायला आलाय, दिवसभर कुणी कामाला बोलावलं नाही म्हणून ते नाक्यावर तसेच उभे, आणि पुढे काम उरलंय एका तासाचं. सकाळपासून उन्हात राबलेल्यांना मिळाला तोच एक दीनार त्यांनाही. पोरांना हा हिशेबही खटकेल. खटकू दे, पहाटेपासून राबलेल्या मजुरांनाही खटकलाच होता.

मार्क म्हणतो प्रभूला तिसऱ्या तासाला खिळलं, आणि योहानात सहाव्या तासाच्या सुमारास तो अजून रोमी सुभेदार पिलातापुढेच उभा आहे. काही जण म्हणतात योहान मध्यरात्रीपासून तास मोजतो. मला ते पटत नाही, कारण रोमी लोकही दिवसाचे तास उजाडल्यापासूनच मोजत. हाताला घड्याळ नसलेला माणूस सकाळ उलटून गेल्यावर 'तिसरा' म्हणेल किंवा 'सहावा' म्हणेल, मधलं काही सांगणारच नाही. योहानाने तर 'सुमारे' असं लिहून ठेवलंय. मला एवढं पुरतं.

रात्रीचे पहारे असायचे. जुन्या करारात तीन. गिदोन मधला पहारा बदलल्या बदलल्या मिद्यानी छावणीवर घाला घालतो, शिपाई नुकतेच बसलेले, डोळे अंधाराला सरावलेले नाहीत. रोमी पद्धतीने पुढे चार झाले. प्रभू समुद्रावरून चालत आला तो चौथ्या पहारी, म्हणजे उजाडायच्या आधी.

महिन्याचं मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण खरी मजा तिथे आहे. महिना सुरू व्हायचा तो चंद्राची कोर दिसल्यावर. दिसल्यावर म्हणजे कुणीतरी डोळ्यांनी पाहून येऊन सांगितल्यावर. इ. स. २०० च्या सुमारास यहूद्यांच्या तोंडी परंपरा मिश्ना या ग्रंथात एकत्र केल्या गेल्या, त्यात हे सगळं बारकाईने आहे. साक्षीदार यरुशलेमेत एका मोठ्या अंगणात जमायचे. त्यांना चांगलं जेवण घालत, म्हणजे पुढच्या वेळीही यायला कंटाळणार नाहीत. मग एकेकाला आत घेऊन उलटतपासणी: कोर सूर्याच्या कुठल्या बाजूला होती? किती उंच? केवढी रुंद? महिना जाहीर झाला की जैतुनांच्या डोंगरावर माणूस लांब काठ्यांना बोळे बांधून पेटवायचा आणि समोरच्या डोंगरावर तशीच मशाल हलताना दिसेपर्यंत हलवत राहायचा. तिथून पुढच्या डोंगरावर, अशी बातमी दूरवरच्या यहूद्यांपर्यंत जायची. मग यहूद्यांशी वैर असलेल्या शेजारच्या शोमरोनी लोकांनी खोडी काढून भलत्याच दिवशी मशाली पेटवल्या, आणि तेव्हापासून निरोपे पाठवावे लागले.

मंदिर पडल्यानंतरची एक हकीकत. ज्याच्या पायाशी पौल शिकला त्या गमलिएलाचा नातू, तोही गमलिएल, तेव्हा धर्मसभेचा प्रमुख होता. कोरीचे निरनिराळे आकार काढलेली पाटी त्याच्या माडीवर असायची. अडाणी साक्षीदाराला विचारायचा, असा दिसला की असा? एकदा दोघे म्हणाले, आम्ही वेळेवर कोर पाहिली. पण दुसऱ्या रात्री ती कुणाला दिसली नाही. गमलिएलाने साक्ष मान्य केली. रब्बी, म्हणजे धर्मशिक्षक, दोसा म्हणाले, खोटारडे आहेत हे! बाई बाळंत झाली म्हणता आणि दुसऱ्या दिवशी तिचं पोट पुढेच? रब्बी यहोशवांना ते पटलं. पण महिना एक दिवसाने चुकला की सातव्या महिन्यातला प्रायश्चित्ताचा दिवसही चुकतो. गमलिएलाने यहोशवांना निरोप पाठवला: तुमच्या हिशेबाने ज्या दिवशी प्रायश्चित्ताचा दिवस येतो, त्या दिवशी काठी आणि पैसे घेऊन माझ्याकडे या. वर्षातल्या सगळ्यात पवित्र दिवशी काठी हातात आणि पैसे गाठीला! यहोशवा फार दुःखी झाले. रब्बी अकिवांनी त्यांना लेवीयातलं वचन दाखवलं, जे सण 'तुम्ही जाहीर कराल' ते देवाचे सण. वेळेवर असोत वा नसोत, तुम्ही जाहीर केलेत तेच. यहोशवा काठी घेऊन गेले. गमलिएल उठला, त्यांच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, या, माझ्या गुरू आणि माझ्या शिष्या. ज्ञानाने गुरू, आणि माझं ऐकलंत म्हणून शिष्य.

खगोल यहोशवांच्या बाजूने होता, हे गोष्ट सांगणाऱ्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. तरीही अख्ख्या लोकांनी एकाच दिवशी उपास करणं त्यांना जास्त मोलाचं वाटलं. मला वाटतं त्यांच्या वेळेची किल्ली इथे आहे. वेळ आकाशात दिसायची खरी, पण माणसांनी मिळून ठरवल्याशिवाय ती लागायची नाही. तुतारी, मशाल, साक्षीदार, वेशीचे दरवाजे, सगळं त्यासाठीच.

चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाला सुमारे अकरा दिवस कमी पडतात. आपल्या पंचांगात अधिक मास येतो तो याच कारणाने, आणि त्यांच्याकडेही वल्हांडणाच्या आधीचा अदार महिना दुसऱ्यांदा धरत. पण आधी शेतात बघायचे. वल्हांडणाच्या सणात सातूची पेंढी अर्पण करायची, सातू पिकलाच नसेल तर काय करणार? मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ तालमूद, त्यात गमलिएलाचंच एक पत्र आहे, त्याचा आशय असा: पारव्यांची पिलं अजून कोवळी आहेत, कोकरं बारीक आहेत, सातू तयार नाही, म्हणून मी या वर्षात तीस दिवस घालतो. सरकारी परिपत्रक असावं तर असं!

प्रभूचं मरण वल्हांडणाच्या सणात झालं आणि वल्हांडण पौर्णिमेला, म्हणून आपला ईस्टरही वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला आणि गुड फ्रायडे ७ एप्रिलला आला, तो या एकाच चंद्रामुळे. २०२४ मध्ये दोन्हींत महिन्याभराचं अंतर पडलं, कारण अधिक महिना कधी घालायचा याचे हिशेब वेगळे.

शेतावरून आठवलं. १९०८ मध्ये मॅकॅलिस्टर यांना गेजेर इथे तळहातावर मावेल एवढी चुनखडीची पाटी मिळाली. ती इ. स. पू. दहाव्या शतकातली मानतात, म्हणजे साधारण शलमोनाचा काळ. आता ती इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. तीवर वर्ष लिहिलंय ते असं: दोन महिने फळं गोळा करायचे, दोन पेरणीचे, दोन मागास पेरणीचे, एक जवस कापायचा, एक सातू काढायचा, एक कापणी आणि मोजणीचा, दोन द्राक्षवेली छाटायचे, एक उन्हाळी फळांचा. बेरीज बारा. कुण्या विद्यार्थ्याचा गिरवण्याचा पाठ असावा असं काही अभ्यासक म्हणतात. हिचा फोटो वर्गात नक्की दाखव, आणि बेरीज त्या पोरालाच करायला लाव.

वर्षांना आकडा नव्हता. उज्जीया राजा मेला त्या वर्षी, असं यशया लिहितो. आमोस तर 'भूकंपाच्या दोन वर्षं आधी' म्हणून सुरुवात करतो. तुझी पणजी बहात्तरच्या दुष्काळावरून घरातल्या सगळ्यांची वयं सांगायची, तसंच ते. तो भूकंप एवढा मोठा की कितीतरी पिढ्यांनंतर जखऱ्याच्या पुस्तकातही त्याची आठवण निघते. लूक जरा शिकलेला: तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीचं पंधरावं वर्ष, पिलात सुभेदार, हेरोद, फिलिप्प, लुसनिय, वर हन्ना आणि कयफा. एका तारखेसाठी सात माणसं!

आपण लिहितो ते इसवी सन पुष्कळ नंतरचं. रोममधल्या दियोनिसियस या मठवाश्याने ५२५ साली ईस्टरच्या तारखांचं कोष्टक करताना ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजली आणि त्याचा हिशेब थोडा हुकला. मत्तय म्हणतो प्रभू हेरोद राजाच्या दिवसांत जन्मला, आणि तो हेरोद (लूकमधल्या हेरोदाचा बाप) बहुतेक इतिहासकारांच्या मते इ. स. पू. ४ मध्ये वारला. म्हणजे ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व! हे वर्गात सांगायच्या आधी तुमच्या पाळकसाहेबांच्या कानावर घाल, नाहीतर पोरं घरी जाऊन काय सांगतील याचा नेम नाही.

पप्पांचा आशीर्वाद. पोचल्याचं कळव.

तुझी,
मम्मी