सोनोग्राफी मशीनवाल्या दादांना, एका डीटीपीवालीकडून

दादा, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणत चपला पायात सरकवता आणि जिना उतरायला लागता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नाव घालणार नाही, तसं कबूल केलंय. आपल्या बिल्डिंगमधले ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

आणखी एक कारण आहे. माझ्या टेबलावर माऊसच्या जागी तो ट्रॅकबॉल, म्हणजे कर्सर हलवायला बोटांनी फिरवायचा गोळा, आल्यापासून येणारा प्रत्येक जण आधी हसतो, "गेम खेळता का ताई?" म्हणतो, आणि दोन मिनिटांनी स्वतःचं मनगट चोळत विचारतो, "कुठला घेऊ?" त्या सगळ्यांना एकदाच उत्तर मिळेल.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. मराठी पुस्तकांची पानं लावायची, प्रूफं आली की दुरुस्त्या घालायच्या. एकेका पानावर लाल शाईने वेलांट्या, उकार, तुटलेली जोडाक्षरं, लटकलेल्या ओळी. प्रत्येक खुणेसाठी दोन अक्षरांच्या मध्ये कर्सर नेमका नेऊन ठेवायचा. त्यातून गणपतीच्या आधीपासून दिवाळी अंकांची झुंबड. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ यायला लागली ती त्याच दिवसांत. कुकरचं झाकण फिरवताना, फडकं पिळताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरायला लावून मनगट करंगळीकडे वाकवलं आणि मी ओरडलेच. डी क्वेरव्हेन म्हणाले. अंगठा हलवणाऱ्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज येते, तो हा विकार. फ्रिट्झ डी क्वेरव्हेन या स्विस सर्जनने 1895 साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, माऊस कमी वापरा. डीटीपीवालीला हे सांगणं म्हणजे हलवायाला साखरेला हात लावू नका म्हणण्यासारखं.

मग मी बाजारात गेले. पुण्यातल्या तपकीर गल्लीपासून सुरुवात केली. एका दुकानात 'एर्गोनॉमिक', म्हणजे हाताला ताण न देणारा, म्हणताच रंगीत दिवे लागणारा उभा माऊस पुढे केला. दुसरीकडे ट्रॅकबॉल म्हणजे काय हेच मला दुकानदाराला समजावून सांगावं लागलं. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, बजेट किती?

तुम्ही तो प्रश्न सगळ्यात शेवटी विचारलात. आधी म्हणालात, कुठे दुखतं तिथे बोट ठेवा. मग, दिवसभरात क्लिक जास्त की ओढाओढ जास्त? मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात आणि मी पान लावत असताना गप्प बघत राहिलात. मला जरा अवघडल्यासारखं झालं, खरं सांगते. पण थोड्या वेळाने तुम्ही जे बोललात ते मला डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं. "ताई, तुम्ही माऊस सरकवता कमी आणि उचलता जास्त." बरोबर होतं. डावीकडे प्रुफांचा गठ्ठा, उजवीकडे दुसरा गठ्ठा, मधे कीबोर्ड, आणि माऊसला वीतभर जागा. कर्सर पडद्याच्या टोकाला न्यायचा तर दर वेळी अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत माऊस उचलून मागे आणायचा, पुन्हा ढकलायचा. दुखतं तिथला अंगठा दिवसभर ती चिमूट आवळत होता. मी सगळा दोष क्लिकला देत बसले होते.

ट्रॅकबॉल जागचा हलत नाही, गोळा फिरतो आणि कर्सर पळतो, त्यामुळे उचलायचा प्रश्नच मिटतो. इतकं कळल्यावर मी लगेच लॉजिटेकचा एम५७५ हा ट्रॅकबॉल मागवायला निघाले होते, कारण तो सहज मिळतो आणि त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. तुम्ही अडवलंत. त्याचा 34 मिलिमीटरचा गोळा अंगठ्याने फिरवायचा असतो. ज्याचं मनगट किंवा खांदा दुखतो त्याला तो छान, पण अंगठाच दुखतोय तिने सगळा भार त्याच अंगठ्यावर कशाला टाकायचा? हे एक वाक्य ऐकलं नसतं तर पैसे जाऊन दुखणं वाढलं असतं.

मग तुम्ही तुमच्या जुन्या सामानातून बोटांनी फिरवायचा एक ट्रॅकबॉल काढून आणलात आणि म्हणालात, हा वापरा, पटला तर नवा घ्या. पुढे मी घेतला तो केन्सिंग्टनचा एक्स्पर्ट माऊस, नावात माऊस असला तरी ट्रॅकबॉलच. 55 मिलिमीटरचा गोळा, त्याच्याभोवती स्क्रोल करायची कडी, चार कोपऱ्यांत चार बटणं. दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणजे कधी डाव्या हाताला घ्यायचा झाला तरी चालतो. साध्या माऊसच्या कित्येक पट पैसे पडले, हे मी विचारणाऱ्यांपासून लपवत नाही.

पण खरी गंमत पुढेच होती. गोळा तर्जनी आणि मधल्या बोटाने फिरतो, ठीक. पण नेहमीचा क्लिक येतो खालच्या डाव्या बटणावर, म्हणजे पुन्हा उजव्या अंगठ्याखाली! हे माझ्या लक्षात यायच्या आत तुम्ही विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये जाऊन डावं-उजवं बटण अदलाबदल केलंत. मुख्य क्लिक अनामिकेकडे गेला, अंगठ्याच्या वाट्याला क्वचित लागणारा राइट क्लिक उरला. एवढ्याशा बदलाने जे झालं ते महागड्या पट्ट्याने झालं नव्हतं. तिथेच खाली क्लिकलॉक नावाची खूण आहे, तीही तुम्हीच दाखवलीत. बटण क्षणभर दाबून सोडलं की ते दाबलेलंच राहतं, गोळा फिरवून मजकूर निवडायचा, परत एकदा क्लिक केलं की सुटतं. ट्रॅकबॉलवर ओढण्याचं काम जरा कटकटीचंच असतं, आणि आमच्या कामात तेच जास्त. क्लिकलॉक नसतं तर मी दुसऱ्या दिवशी जुन्या माऊसकडे परतले असते. शब्द निवडायला शिफ्ट, कंट्रोल आणि बाणांच्या कळा वापरायची सवयही तेव्हापासून लागली. ती आधीच लागायला हवी होती, पण असो.

पहिले काही दिवस वाईट गेले. कर्सर वेलांटीवर थांबायचाच नाही, पुढच्या ओळीत जाऊन बसायचा. मी वेग कमी करत गेले, तुम्ही येऊन उलट वाढवलात. लांबच्या पल्ल्याला गोळ्याला टिचकी द्यायची आणि जवळ आल्यावर नुसत्या बोटाच्या टोकाने, दाब न देता सरकवायचं. पूर्ण हात ताणून धरला की नेम चुकतो, सैल सोडला की बसतो. नवा गोळा अडखळत फिरत होता तेव्हा तर तुम्ही तो सरळ काढलात, कपाळावरून फिरवलात आणि परत बसवलात. मी "ईऽऽ" म्हणाले. पण तेलकट झाल्यावर तो लोण्यासारखा फिरायला लागला, ते मान्य करते.

साफसफाईत तर तुमचा हात कोण धरणार! सोनोग्राफीच्या मशीनवर मधोमध असाच गोळा असतो, डॉक्टरांचा एक हात प्रोबवर आणि दुसरा त्या गोळ्यावर, मापाच्या खुणा ठेवायला. त्यात जेल जातं, कापसाचे धागे जातात, गोळा अडतो आणि मग तुम्हाला बोलावणं येतं. माझ्याकडे जेल नाही, पण टोनरची धूळ आणि कागदाचा भुसा भरपूर. गोळा काढला की खाली तीन बारीक टेकू दिसतात. त्यांच्याभोवती राखाडी मळाची कडी जमते. सुती कापड गुंडाळलेल्या काडीने ती काढायची, गोळा मऊ फडक्याने पुसायचा, सेन्सरच्या भोकावर फुंकर मारायची. बरेच जण "खराब झाला" म्हणून टाकून देतात तो निव्वळ मळलेला असतो, हे तुमचं म्हणणं मी आता भेटेल त्याला सांगत असते.

आणि चहा पिताना सांगितलेली ती गोष्ट. मला वाटायचं हे अलीकडचं फॅड. तर 1946 साली ब्रिटिश नौदलासाठी रडारचं काम करणाऱ्या राल्फ बेंजामिन यांनी गोळ्याची युक्ती काढली होती, आणि ती लष्करी गुपित म्हणून झाकून ठेवली गेली. पुढे 1952 मध्ये कॅनडाच्या नौदलाच्या डाटार यंत्रणेत चक्क बोलिंगचा चेंडू बसवला होता. डग्लस एंगलबार्ट यांनी शोधलेला माऊस त्यानंतर, साठच्या दशकात आला. "हा माऊसचा पुतण्या नाही, काका आहे," असं तुम्ही म्हणालात तेव्हा वहिनी आतून हसल्या होत्या.

एक गोष्ट तुम्ही स्वतःहून बजावलीत, म्हणून तुमच्यावरचा विश्वास वाढला. हे औषध नाही, डॉक्टर सोडू नका, पट्टा सांगितलाय तितके दिवस लावा. मी लावला. मुखपृष्ठासाठी कोरल या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने रेषा काढायची असली तर मी अजूनही जुना माऊसच घेते. गोळ्याने वळणदार रेषा मला जमत नाही, आणि जमवायची हौसही नाही. बाकी सगळं काम गोळ्यावर चालतं. कळ पूर्ण गेलीय असं म्हणणार नाही, पण कुकर मी स्वतः उघडते.

आता एक काम आहे. तुमचा तो जुना ट्रॅकबॉल अजून माझ्या खणात आहे, स्वच्छ पुसून ठेवलाय. समोरच्या प्रेसमधला पोरगा तो मागतोय. त्याचा अंगठा ठणठणीत आहे, दुखतो तो खांदा, आणि कीबोर्डच्या आकड्यांच्या पट्टीपलीकडे हात लांबवून दिवसभर माऊस चालवतो. मला वाटतं त्याला अंगठ्याचाच बरा पडेल, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका. रविवारी जरा त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसाल का? चहा माझ्याकडून, आणि वहिनींनाही घेऊन या.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची डीटीपीवाली ताई